कडोदऱ्यापर्यंत

"बोलू नका गुरुजी, ती बोलतेय."

मास्तरांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आजही एखादी गाडी शेजारी येऊन घुरघुरत उभी राहिली तर मी बोलता बोलता गप्प होतो. बॉनेट उघडं, इंजिन चालू, मास्तरांचा डावा हात गाडीवर टेकलेला आणि डोळे मिटलेले. अशा वेळी कुणी काही विचारलं तर ते उत्तर देत नसत. फक्त उजव्या हाताचं बोट वर जायचं.

उत्तर न देण्याचं आणखी एक कारण होतं. मास्तरांना माणसांचं कमी ऐकू यायचं. ऐन उमेदीची बावीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात काढली होती. चाळीस लूम एकदम खडखडत असताना त्यातला आजारी कुठला, हे ते दारात उभं राहून सांगायचे म्हणे. बायको मात्र कानाशी येऊन ओरडली तरच जेवायला उठायचे. "माणसं बारीक बोलतात," ही त्यांची तक्रार. "मशीन कसं मोकळं बोलतं."

लूम दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणायची सुरतेतल्या आमच्या नवागामची रीत. मी तिथल्या मराठी शाळेत शिकवतो, पण मास्तर हे पद आधीच भरलेलं असल्यामुळे माझी बोळवण गुरुजी म्हणून झाली.

त्यांचं खातं बंद पडलं तेव्हा मास्तरांची पन्नाशी जवळ आली होती. दुसरा एखादा गावी परतला असता. हे कडोदऱ्याच्या हायवेवर एका गॅरेजात शिकायला गेले आणि दोन वर्षांनी नवागामच्या वळणावर स्वतःची पत्र्याची शेड टाकून बसले. या वयात हे कसं जमलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे 'ढ' मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"लूममध्ये वरचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा फिरतो. गाडीत खालचा दोनदा, वरचा एकदा. लूम उलटा टांगला की झाली गाडी. त्यात शिकायचं काय?"

मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं. अगदी बरोबर होतं.

गाडी दुरुस्त झाली की ती मालकाच्या हाती देऊन मोकळं होणं हे मास्तरांना पसंत नव्हतं. ते स्वतः डाव्या सीटवर बसायचे आणि डोळे मिटून कडोदऱ्याच्या चौकापर्यंत जायचे. मालकाचं काम कुठंही असो, गाडी आधी कडोदऱ्याला. एक गुजराती शेठ वैतागून म्हणाला, "मास्तर, गाडी तो सरस चाले छे, हवे उतरो ने!" मास्तरांचं बोट वर. "कडोदरा सुधी." म्हणजे कडोदऱ्यापर्यंत. चौकात उतरायचे, बॉनेटवर दोन थापा मारायचे, चहा प्यायचे आणि शेअर रिक्षानं परत यायचे. इतक्या रस्त्यात खोटं बोलणारं इंजिन उघडं पडतं, असा त्यांचा सिद्धांत होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याच्या हट्टाला हसता हसता तुम्ही कधी त्याच्या भरवशावर जगू लागलात ते तुमचं तुम्हालाच कळलं नसेल.

आमची जुनी व्हॅन आजारी पडली ती दसऱ्याच्या तोंडावर. चढ आला की दम टाकायची आणि वरून टकटक आवाज. आणि दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आम्हाला नंदुरबारकडच्या एका खेड्यात पोचायचं होतं. माझ्या मावशीला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिला ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं आणि ओवाळायचा मान धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आईचा. गुडघ्यांच्या ऑपरेशनामुळे आईला बसची पायरी चढवत नव्हती. दोघी बहिणी तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. व्हॅन नाही तर भेट नाही, असा सरळ हिशेब होता.

मास्तर आमच्या बिल्डिंगच्या आवारात आले, बोट वर करून ऐकलं आणि म्हणाले, "कॅमशाफ्ट गेला."

इंजिनाच्या डोक्यात आडवा बसलेला हा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्हना वेळेवर दाबतात. ते उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. दांडा बाहेर काढायचा तर आधी टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. हा दातांचा रबरी पट्टा खालच्या आणि वरच्या दांड्याला एका तालात बांधून ठेवतो. तो पुन्हा चढवताना दोन्ही दांड्यांच्या टोकांची दातेरी चाकं अचूक त्याच जागी हवीत. आमच्या वरच्या चाकावरची कंपनीची खूण आधीच्या कुणीतरी घासून टाकली होती. मास्तरांचं काही अडलं नाही. खात्यात कापडाच्या ताक्यावर खूण करायचा लाल तेलखडू त्यांच्या खिशात कायम असायचा. त्यांनी चाकावर लाल ठिपका काढला, समोर इंजिनावर तसाच दुसरा काढला आणि मग पट्टा उतरवला. काढलेले सगळे भाग आईच्या जुन्या साडीवर ओळीनं मांडून ठेवले. संध्याकाळी नवा कॅमशाफ्ट आला. पण दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला मास्तर पान्ह्याला हात लावत नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा दांडा बसवला, ठिपक्यासमोर ठिपका आणला, पट्टा चढवला आणि मला म्हणाले, "मारा किल्ली." त्यांनी बसवलेलं इंजिन एका किल्लीत चालू होतं, अशी ख्याती होती. इंजिन खोकलं, फटकन आवाज झाला आणि गप्प.

त्यांनी प्लग बघितले. पेट्रोल बघितलं. पट्टा उतरवून पुन्हा चढवला. ठिपक्यासमोर ठिपका. पुन्हा फट्. तिसऱ्यांदा पट्टा उतरवला तोवर चार वाजले होते आणि आवारातले रिकामटेकडे सल्ला देऊ लागले होते. मास्तरांनी हात पुसले आणि ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. ते अहिराणीत बोलले. घराबाहेर ते सहसा अहिराणी बोलत नसत.

"गुरुजी, दुसरा मानूस देखा. मना कान गया वाटस."

माणसांचं ऐकू येत नाही याचं त्यांना कधीच दुःख नव्हतं. पण आता मशीनचंही ऐकू येईनासं झालं असेल, तर मास्तरांजवळ उरलं काय? मी धीराचं काहीतरी बोललो. त्यांना ते ऐकू आलं नाही, आणि मला मोठ्यानं बोलवेना.

तेवढ्यात आई कठड्याला धरत धरत, एका हातात चहा घेऊन खाली आली. मास्तर उठले, तिला इंजिनाच्या वरच्या चाकाजवळ घेऊन गेले आणि कैफियत मांडावी तसं बोट ठेवून म्हणाले, "देख आक्का, हाई मनी खून. बरोबर समोरासमोर शे. मंग हाई चालत काबरं नही?"

आई वाकली. तिनं चष्मा सारखा केला.

"ओ भाऊ," ती म्हणाली, "ते कुकू ते मी लायेल शे!"

झालं होतं ते असं. दसऱ्याला आईनं व्हॅनची पूजा केली. स्टिअरिंगला कुंकू, चारी चाकांना कुंकू, आणि साडीवर मांडलेल्या भागांना तरी का वगळायचं? दात असलेल्या चाकावर तिला एक मळका लाल ठिपका दिसला. मागच्या वर्षीचं कुंकू, असं समजून तिनं तो पदरानं निगुतीनं पुसला आणि ओल्या कुंकवाचा नवा, टपोरा टिळा चाकाच्या काठावर, तिला वर दिसली त्या बाजूला लावला. दिवसभर मास्तर इंजिन आईच्या श्रद्धेला जुळवत होते.

मास्तरांना हे मी कानाशी ओरडून दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ऐकल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर जे हसायला लागले, ते कमरेवर हात ठेवून खालीच बसले. "कान शे!" ते सगळ्या बिल्डिंगला सांगत होते. "मना कान शे!"

मग त्यांनी चाक उतरवून उन्हात तिरपं धरलं. पुसलेल्या तेलखडूचा चिकट माग एका दातावर अजून चमकत होता, टिळ्यापासून पाच दात दूर. तिथं त्यांनी पांढऱ्या रंगाची खूण केली. टिळा मी पुसायला निघालो तर हात धरला. "देवीचं लावलेलं पुसू नये. राहू द्या." पट्टा चढला. मी किल्ली मारली. एका किल्लीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा मास्तर डाव्या सीटवर डोळे मिटून बसलेच होते. कडोदऱ्याचा चौक आला. मी व्हॅन कडेला घेतली. त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं. बारडोली आली. उसाच्या गाड्यांमागून आम्ही पुढे गेलो. तरी बोट वरच. व्याऱ्याला मात्र मला राहवलं नाही. मी ओरडून विचारलं, "मास्तर, गाडीत काही आहे का?"

"गाडी बरोबर आहे," ते म्हणाले. "मी माझा कान तपासतोय."

असे ते ऑईलच्या कपड्यांनिशी थेट मावशीच्या मांडवात पोचले. ऐंशी दिवे लागले. आईनं बहिणीला ओवाळलं, दोघी गळ्यात पडून रडल्या आणि लगेच एकमेकींच्या गुडघ्यांवर बोलू लागल्या. कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या मास्तरांकडे आईचं लक्ष गेलं. तिनं त्यांना पुढं ओढून पाटावर बसवलं, कुंकवात बोट बुडवलं आणि ते त्यांच्या कपाळासमोर धरून मोठ्यानं विचारलं, "भाऊ, आठे लावू ना? का पाच दात इकडे?"

मास्तरांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. मांडवभर हशा पिकला. त्या दिवशी खापरावरच्या पोळ्या त्यांनी किती खाल्ल्या, ते मी सांगणार नाही.

गेल्या वर्षी मास्तर शिरपूरला मुलीकडे राहायला गेले. शेडमध्ये आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्या वळणावरून जाताना मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा व्हॅनचा पट्टा बदलायची वेळ आली, म्हणून दिंडोलीच्या एका नव्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं झाकण उघडलं आणि गोंधळून विचारलं, "सर, इथं दोन खुणा आहेत. एक पांढरी, एक लाल. खरी कुठली?"

"बेल्ट पांढरीवर बसवा," मी म्हटलं. "लालला हात लावू नका."

काम झालं, इंजिन चालू झालं. त्यानं विचारलं, "बरोबर आहे ना?" आता हे मी कोणत्या कानाच्या जोरावर सांगणार? मी शिरपूरला फोन लावला. मास्तरांना माझं एक अक्षर कळेना. "कोण? काय म्हणता?" असं दोनदा झालं. शेवटी मी बोलणं सोडून दिलं आणि फोन इंजिनाजवळ धरला.

पलीकडचं 'कोण, काय' थांबलं. त्यांचं बोट वर गेलं असणार, हे मला सुरतेत बसून दिसत होतं.

"आपली व्हॅन," फोनमधून आवाज आला. "बरी आहे. कडोदऱ्यापर्यंत जाऊन या, गुरुजी."

मी गेलो. चौकात उतरलो, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि दोन चहा सांगितले.