मायाग्वेझच्या देवीची ओटी

आमची मंडळी, म्हणजे बायको, वारली त्यानंतर कितीतरी महिने मी देवाला हात जोडले नाहीत. राग होता. खरं म्हणजे तो माझा माझ्यावरच होता, पण माणूस तसं कबूल करत नाही, म्हणून सगळा देवावर काढला. मी चौथी शिकलेला गवंडी. जन्मभर विटा रचल्या. मला गोड लिहिता येत नाही, झालं तसं सांगतो.

आमची एकुलती एक लेक अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर, मायाग्वेझ गावच्या विद्यापीठात शिकवते. जावई जर्सी सिटीला नोकरीला, सुट्टीत येऊन-जाऊन असतात. तिथं घर मांडलं तेव्हा लेकीनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. हिची फार इच्छा. लेकीनं नव्या गावात चूल मांडली की त्या गावच्या देवीची ओटी आईनं भरायची, असं तिचं म्हणणं. हिरवा खणही आणून ठेवला होता. मी म्हणालो, तिथं कुठली आलीय देवी, गप घरी बस. हातातलं बांधकाम सोडून मला जायचं नव्हतं, आणि माझ्याशिवाय ती निघणार नव्हती. पुढच्या वर्षी बघू म्हणालो. पुढच्या वर्षी ती नव्हती. आजारपणात एकदाच बोलली, "तेवढी ओटी राहिली हो."

२००६ साली तो खण पेटीत घालून मी एकटाच गेलो. लेकीनं सगळं गाव दाखवलं. मोठ्या चौकात कोलंबसाचा पुतळा आहे, भोवती दिवे धरून उभ्या असलेल्या धातूच्या बायका. यातली देवी कोणती, असं मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, ते लॅम्पपोस्ट आहेत." प्राणिसंग्रहालयात वाघ दिसला. वाहन सापडलं, आता बाई कुठं बसलीय ते बघ, असं म्हणालो, तेव्हा जरा हसली. विद्यापीठाला लागून झाडांची मोठी बाग आहे, देशोदेशीची झाडं लावलेली. तिथं आपला फणस बघून माझे पाय थबकले. ही असती तर फणस दाबून बघितला असता, माळ्याशी मराठीतच भांडली असती. संध्याकाळी समुद्रावर जायचो. सूर्य पाण्यात उतरायचा आणि माझी डावी बाजू रिकामी वाटायची. ती नेहमी डावीकडून चालायची.

खण आणि रुमालात बांधलेले तांदूळ मी रोज पिशवीतून फिरवत होतो. शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी विमान. लेक काही सामान आणायला दुकानात गेली आणि मी चौकात बसलो. समोर चर्च. खांब बरे वाटले, म्हणून नुसतं काम बघायला गेलो. सवयीनं बूट दाराबाहेर काढले. आत एक मूर्ती होती, भरजरी वस्त्रातली बाई, कडेवर मूल, हातात मेणबत्ती. बघत राहिलो. तेवढ्यात लेक शोधत आली. ही कोण, म्हणून विचारलं. म्हणाली, "मदर मेरी. इथली पेट्रन आहे, म्हणजे गावाची राखण करणारी. गाव हिच्याच नावानं वसलं." बोलता बोलता तीच थांबली.

मी पळतच चौकातल्या गाडीवरून शहाळं आणलं. लेकीला म्हटलं, मी बाप्या माणूस, त्यात विधुर. तू सवाष्ण आहेस, तू भर. ती म्हणाली, "आईला आणलं असतंत, तर तिनंच भरली असती." आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. मनात म्हटलं, बाई, माझ्याच्यानं होत नाही, आता तुझं तू बघ.

तिथली फुलं बदलणारी एक म्हातारी माझे बूट हातात घेऊन आली. विसरलो असं वाटलं असेल. बूट खाली ठेवून तिनं माझ्या हातातला खण बघितला, मग माझं तोंड बघितलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिनं हात पुसले, खण उलगडून मूर्तीच्या पायाशी अंथरला, वर शहाळं ठेवलं, तांदूळ ओतले. आणि त्यातलेच ओंजळभर उचलून माझ्यापुढे धरले. आपल्यात ओटी भरली की भरणारीच्या पदरात थोडे दाणे उलट घालतात, हे तिला कुणी सांगितलं? की जास्त झाले म्हणून परत देत होती? मी त्यावर वाद घालत नाही. घ्यायला मला पदर नव्हता. तेवढ्यात लेक बाकावरून उठून आली आणि तिनं आपल्या शर्टाचं टोक पसरलं. तांदूळ घेतले, म्हातारीच्या पाया पडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, आज याचा भात लावू." आई गेल्यापासून माझ्याशी इतक्या मऊ आवाजात ती पहिल्यांदा बोलली.

हिची ओढ काही कमी झाली नाही, रोज आहे. पण ती ओटी माझ्या जोरावर भरायची नव्हती, माझं काम तिथवर पोचवायचं होतं, एवढं मला कळलं. जे आपल्याला पेलत नाही ते देवीच्या पायाशी ठेवावं आणि उचलणाऱ्याला उचलू द्यावं. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. जिथं असेल तिथं देवी तिचं भलं करो.