पाण्याखालच्या घरांना पत्रिका

२००८ साली मी हिंजवडीत नोकरी करत होते आणि घोटावड्यात एका शेतकरी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होते. मनातून मात्र मी लेखिका होते. माझ्या कादंबरीत अदृश्य माणसांचं एक राज्य होतं. ती छापून येईपर्यंत वाचक जमवावेत म्हणून मी ब्लॉग काढला होता.

तिथेच घोडं पेंड खात होतं. लिहायचं कशावर? ‘जादूचे नियम’ सांगायला बसले, तर नमनालाच घडाभर तेल गेलं. ‘राक्षसांचा आहार’ दोन परिच्छेदांत आटोपला. शेवटी वैतागून कांदेपोह्यांची कृती टाकली, तर तिचंच सगळ्यांनी कौतुक केलं. मला रडूच आलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “नसलेल्या माणसांबद्दल कोण वाचणार गं?” तिचं बरोबर असावं असं मलाही वाटू लागलं. ब्लॉग बंद करायचा आणि कादंबरीही सोडायची, इथवर मी आले होते. घरमालकीणकाकूंना तेवढी कादंबरीची गोष्ट सांगून झाली होती. भाकरी थापता थापता त्यांनी ती ऐकली आणि “बरं” म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. एका रविवारी सकाळी त्या दारात उभ्या. “पोरी, गाडी काढ. मुळशीला पत्रिका द्यायचीय.”

त्यांनी मला थेट धरणाच्या काठी नेलं. पाणी खाली गेलं होतं, गाळाला भेगा पडल्या होत्या. घर एकही दिसेना.

“कुणाला द्यायची?”

“आमच्या जुन्या गावाला. हितंच हाय की,” त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

धरणात ते गाव बुडालं तेव्हा काकूंचा जन्मही झाला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, कुंकू लावलेली पत्रिका दगडावर ठेवली आणि गावच्या देवाच्या नावानं पाण्यात अक्षता सोडल्या. मग शेजारणीला हाक मारावी तशा खड्या आवाजात त्या बोलवू लागल्या. “हिरीजवळच्यांनी यायचं! सुताराच्या घरच्यांनी यायचं! लेकीचं लगीन हाय!” जे घर जिकडे होतं तिकडे त्या तोंड वळवत, आणि प्रत्येक हाकेनंतर जरा थांबत. कुणी आतून ‘व्हय’ म्हणेल तेवढाच वेळ. हे त्यांना सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नकाशे काढून मी एक राज्य उभं केलं होतं, आणि त्यातल्या एकाही घराला मला अशी हाक मारता आली नसती.

परतताना मी हळूच विचारलं, “काकू, येतात का हो ते?”

“बोलवायचं आपलं काम. न बोलवता कोन येतंय?”

लग्नाच्या पंगतीत, पहिल्या रांगेच्या टोकाला एक पान वाढलेलं होतं आणि त्याच्यापुढचा पाट रिकामा होता. माणसं त्याला वळसा घालून जात होती. काकूंनी मला हाताला धरून तिथे आणलं आणि शेजारच्या पाटाकडे बोट दाखवलं. मी संकोचले. म्हटलं, इथे घरातलं कुणीतरी बसवा.

“तूच बस,” काकू हसल्या. “न दिसणाऱ्या मान्सांची तुला सवय हाय न्हवं?”

माझे डोळे भरून आले. मी बसले, आणि शेजारच्याला अडचण होऊ नये म्हणून मांडी जराशी आवरून घेतली.