अण्णा आणि साडेपाच तास

घड्याळावर इतका अविश्वास, आणि तरीही आयुष्यात एकदाही उशीर नाही, असा माणूस अख्ख्या बेंगळुरूत आमच्या ऑफिसातले अण्णा सोडून दुसरा नसेल. "अकरा वाजले" म्हटलं की ते विचारत, "कुठले?" कँटीनवाल्यालासुद्धा विचारत. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. मराठीत कानडी इतकी मुरलेली, की पुण्याहून आलेल्या मला पहिला महिनाभर ते रागावलेत की लाड करतायत हेच कळेना. एका विमान कंपनीची कामं चालवणाऱ्या आमच्या अवाढव्य मेनफ्रेम सर्व्हरला ते 'म्हातारी' म्हणत. एकदा मॅनेजर तिला भंगार म्हणाले, तर अण्णा दोन दिवस त्यांच्याशी फक्त ईमेलवर बोलले. शेजारी बसून.

एका मंगळवारी, वैमानिकांना ड्यूटीवर बोलावणाऱ्या प्रोग्रामला भारतीय वेळ लावून देण्याचं काम माझ्याकडे आलं. जगाच्या प्रमाणवेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे, म्हणून मी 'अधिक साडेपाच' लिहिलं आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि म्हातारी पहाटेचे तीन सांगत होती. संध्याकाळच्या विमानांसाठी वैमानिकांना जायचे संदेश निघेनात. तिच्या मते सगळे अजून साखरझोपेत. फोन घणघणू लागले. माझं प्रोबेशन संपायला महिना उरला होता.

अण्णा खुर्ची ओढून बसले. "स्वल्प थांब. किती चुकलंय?"

"खूप, अण्णा."

"खूप म्हणजे किती, सांग की."

"अकरा तास."

"मग हा बिघाड नाही गं. बिघाड इतका नेमका चुकत नाही. साडेपाच दुणे अकरा. चिन्ह उलटं पडलंय."

तसंच होतं. जगाची प्रमाणवेळ गाठायला आपल्या वेळेत किती मिळवायचं, ते तिथे लिहायचं असतं; आपण पुढे, म्हणून उणे. मी अधिकाचं उणे केलं, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि संदेश भराभर सुटले. एकही विमान थांबलं नाही. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणून अण्णा ताक प्यायला गेले.

संध्याकाळी अहवाल लिहिताना 'चूक कुणाची' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. मी भांडले. "तुझं काम तपासायचं माझ्याकडे होतं, मी तपासलं नाही," ते म्हणाले. "आणि मला आता कोण काढतंय?"

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मॅनेजर म्हणाले, "इतक्या वर्षांत अण्णांची एकच चूक, पण काय चूक! दुपारची पहाट केली!" सगळे खो खो हसले. अण्णाही मान डोलवत हसले. खरं काय ते सांगायचं ठरवूनच मी आले होते. खुर्चीतून अर्धी उठलेही. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच 'बस' म्हणून खुणावलं.

त्यांनी खुणावलं म्हणून बसले, असं मी स्वतःला सांगते. पण खरं म्हणजे त्याच्या आधीच मी बसले होते.