आत्यानं ठेवलेलं नाव

"डॅग्नी! उठलीस का गं?"

रोज सकाळी आत्या गॅलरीत उभी राहून अशी हाक मारायची, की लालबागची आमची अख्खी चाळ जागी व्हायची. मी तिच्या शेजारीच दात घासत उभी असले तरी! "आत्या, मी इथंच आहे," म्हटलं की म्हणायची, "तुला कुठं हाक मारतेय? लोकांना ऐकवतेय."

लोकांना ऐकवायला कारण होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून माझे बाबा गेले, आणि त्याच दिवशी परळच्या इस्पितळात मी जन्मले. चाळीत कुजबुज सुरू झाली, "पांढऱ्या पायाची गं बाई, बापाला खाऊनच आली." आई मला जवळ घ्यायची ती फक्त पाजायला. माझ्या तोंडाकडं बघायचीसुद्धा नाही. आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात जायची. मला उचललं ते तिनं.

इस्पितळात नॉर्वेची एक नर्स होती, डॅग्नी नावाची. आत्यानं तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "सिस्टर, तुम्हारे नाम का मतलब क्या?" नर्सनं सांगितलं, त्यांच्या फार जुन्या भाषेत 'डॅग' म्हणजे दिवस आणि 'नी' म्हणजे नवा. आता तिकडंही हे नाव फारसं कुणी ठेवत नाही. तिच्या आजीचं होतं, म्हणून तिला ठेवलं.

"आजीचं नाव नातीला! म्हणजे आपल्यासारखीच की गं ती माणसं!" हे आत्या जन्मभर कौतुकानं सांगायची.

बाबांचं तेरावं झालं, पण माझं बारसं करायला कुणी धजेना. आत्याच पाळणा मागून घेऊन आली आणि तिनं माझ्या कानात नाव सांगितलं. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत, पण एकीचाही हात उठेना. तशी ती कडाडली, "मारा की गं बायांनो! भाऊ गेला माझा, पोर जिवंत आहे!" मग बायकांनी रडत रडत धपाटे घातले. आई भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

आईनं ते नाव कधीच घेतलं नाही. 'ए', 'पोरी', 'इकडं ये' यावरच माझं बालपण गेलं. फार लागायचं मनाला. आत्या म्हणायची, "घेईल गं. तिचा तो दिवस अजून मावळला नाही."

मी अकरावीत असताना आत्या गेली. गिरणीतल्या कापसानं छाती भरली होती. शेवटी आवाजच राहिला नव्हता, तरी सकाळी ओठ हलवायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातच पडून होते. आता मला हाक कोण मारणार, एवढाच विचार मनात होता. तेवढ्यात गॅलरीतून हाक आली. आवाज घोगरा, अडखळणारा.

"डॅग्नी! उठलीस का गं?"

मी धावत बाहेर गेले. आत्याच्या जागी कठडा धरून आई उभी होती. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. मी तिच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले, तरी आईनं पुन्हा हाक मारली.