उजव्या खांद्यावरची कावड

योगेश भोये आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं चार महिने राहिला. तो गेला त्याला आज बारा दिवस झाले. माझ्या रोजच्या वहीत उपास, पारायण, आलेगेले पाहुणे आणि दूधवाल्याचे खाडे एवढंच असतं. पण त्याचं सगळं एका जागी लिहून ठेवावं असं मनानं घेतलंय. गल्लीत बोललं जातंय की पोरानं देवाच्या नादात चांगली नोकरी घालवली. ते तसं नाही.

आमचे हे, म्हणजे सुनीलराव, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नळजोड बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतात. मालकांचा मुलगा हर्षल अमेरिकेत शिकून आला आणि येताना बेसबॉलचं वेड घेऊन आला. त्यानं कंपनीचा संघ काढला. पोरं करारावर घेतली: सकाळी स्टोअरमध्ये काम, दुपारनंतर सराव. आमच्या जवळच्या द्वारका चौकातून कंपनीची बस मिळते म्हणून दोन पोरं आमच्या वरच्या खोलीत ठेवली. त्यातला एक महिन्याभरात पळाला. उरला तो योगेश.

सुरगाण्याकडच्या डोंगरातला. आश्रमशाळेत आठवीला असताना एका सरांनी त्याच्या हातात सॉफ्टबॉल दिला, तेव्हापासून तो फेकतोच आहे. उंच, काटक, बोलायला लाजरा. पहिले आठ दिवस कॉट सोडून खाली सतरंजीवर झोपला. मी विचारलं तर म्हणाला, "कॉटवर झोपलो तर पडीन असं वाटतं काकू."

मला तो खेळ कळत नव्हता. मी म्हटलं, "क्रिकेटच ना रे हे? नुसता दांडू गोल."

"नाय काकू. क्रिकेटात टप्पा पडतो, मग चेंडू काय करंल ते जमीन ठरवते. इथं टप्पा नाय. सगळं माझ्या हातातून जातं."

त्याचा हात म्हणजे काय होता ते आमच्या गल्लीनं रोज सकाळी बघितलं. घंटागाडी आली की मला जिना उतरून धावावं लागायचं. एके दिवशी त्यानं माझ्या हातातली कचऱ्याची पिशवी घेतली, गच्चीच्या कठड्याशी उभा राहिला आणि चालत्या गाडीच्या बरोब्बर ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकली. खालून गाडीवाला ओरडला, "ए शाण्या, सुका कचरा पण असाच टाक, तर मानीन!" यानं तोही टाकला, शेजारच्या कप्प्यात. त्यानंतर तीन घरांच्या पिशव्या आमच्या गच्चीवर यायला लागल्या. समोरच्या सखुबाई म्हणायच्या, "तुमचा भाडेकरू म्हणजे नगरपालिकेचा जावईच हो."

संघात तो पिचर होता, म्हणजे समोरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. हे सांगायचे की बाकी आठ जण उभे असतात, पण सामना एकट्याच्या हातावर चालतो. दोन वर्षं संघ जिंकत गेला. करार या दिवाळीपर्यंतचा होता. पुढे वाढवला की तीन वर्षं आणि नंतर स्टोअरमध्ये कायम, असं हर्षलचं तोंडी बोलणं झालेलं. योगेशनं ते गावी आईला फोनवर सांगितलं होतं. कायम हा शब्द त्यानं तीनदा उच्चारला, मी ऐकलं.

फेब्रुवारीत जळगावला अंतिम सामना होता. सामन्याच्या मध्यावर त्यानं हर्षलला सांगितलं, खांदा दुखतोय. हर्षल म्हणाला, अजून थोडाच वेळ. त्या थोड्या वेळात सामना जिंकला आणि योगेशच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण आठ महिने फेकायचं नाही, उचलायचं नाही, सांगितलेले व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत. तो आमच्याकडेच जेवायला बसायला लागला, डाव्या हातानं. पहिल्या दिवशी मी सवयीनं म्हणून गेले, "अरे, डाव्या हातानं जेवू नये." त्यानं घास खाली ठेवला. उजवा हात ताटापर्यंत यायचा, तोंडापर्यंत जायचा नाही. मीच मग चमचा आणून दिला.

चैत्रात मी गडावर गेले, सप्तशृंगीच्या दर्शनाला. दरवर्षी जाते. तिथे उभी असताना माझ्या तोंडून निघालं, आई, या लेकराचा खांदा बरा कर, तो कोजागरीला तुला रामकुंडाच्या पाण्याची कावड आणील. ठरवून गेले नव्हते. गर्दीत मागून ढकलत होते, पुजारी "चला चला" करत होते, आणि तेवढ्यात बोलून झालं. आपल्याकडे नवस दुसऱ्यानं बोलला तरी चालतो. फेडायचा मात्र ज्याचा त्यानं. घरी येऊन मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बरा होऊ दे आधी.

श्रावणात हर्षल आमच्याकडे आला. करार वाढवायचा की नाही, त्यावर ह्यांचा शेरा हवा होता, कारण पोरं कामाला ह्यांच्या हाताखाली. मी चहा टाकला होता. दोघांचं बोलणं स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुम्ही स्टोअरच्या नजरेनं बघता, सुनीलभाऊ," हर्षल म्हणाला. "माणूस म्हणजे बेअरिंग आहे का, घासलं की बदललं?"

"बेअरिंगला निदान गॅरंटी असते, साहेब. बाकीच्या पोरांचं बोट मोडलं तर जागा बदलून खेळवाल. पिचर म्हणजे एक खांदा. तो गेला तर करार कुणाशी करायचा? उरलेल्या पोराशी?"

"उरलेलं पोर माझ्याकडे जेवतं," मी आतून म्हटलं.

"तुम्ही चहा आणा," हे म्हणाले.

"कळवणचा एक जण तयार आहे, मला माहितीय," हर्षल म्हणाला. "एकोणीस वर्षांचा. पप्पा त्यालाच घ्या म्हणतात. पण योगेशला दुखत असताना टाक म्हणणारा मी होतो. त्याला काढलं तर पुढच्या पोराला कुठल्या तोंडानं टाक म्हणू?"

ह्यांनी बशीत चहा ओतला. पिऊन झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाले तर माझी आडकाठी नाही."

भाद्रपदात डॉक्टर हो म्हणाले. स्नायू जुळलाय, दिवाळीनंतर हळूहळू फेकायला हरकत नाही. हर्षलनं मुदतवाढीचा कागद टाइप करून घेतला. फक्त दिवाळीआधी एक शेवटची तपासणी, मग मोठ्या शेठची, म्हणजे हर्षलच्या वडिलांची, सही. त्या दिवशी योगेश खालच्या पायरीवर बसून उजव्या हातानं जेवला. मी शिरा केला होता. आणि त्याच ताटावर मी त्याला नवसाचं सांगितलं.

हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मी म्हणू शकले असते, पुढच्या वर्षी जाऊ. दहा जणांनी तसं केलं असतं. मी म्हटलं, नवस लांबवू नये. माझ्या सासूबाई म्हणायच्या तेच म्हटलं.

तो हसला. "तुम्ही बोलला होय माझ्यासाठी? माझी आय पण दरवेळी विचारती, देवीला काय बोललास का म्हणून. मला बोलायचं सुचतच नाय."

"पण डाव्या खांद्यावर घ्यायची. उजव्याला हात लावू द्यायचा नाही."

"डाव्यावर घेईन काकू. बरोबर माणूस असंल बदलीला."

मी डॉक्टरांना विचारलं नाही. ह्यांनाही अर्धंच सांगितलं, की तो गडावर पायी जातोय.

कोजागरीच्या आदल्या दिवशी पहाटे रामकुंडावर त्यानं दोन कळशा भरल्या. बांबूला भगवी पताका मी बांधली. कावड एकदा उचलली की जमिनीला टेकवायची नाही, चपला घालायच्या नाहीत. पासष्ट किलोमीटर. दिंडोरीहून त्याचा फोन आला, तोवर सगळं ठीक होतं. वणीला बदलीच्या माणसाचा पाय सुजला आणि तो बसला. योगेशनं दुसरा माणूस शोधला नाही, कारण ज्याला त्याला आपापली कावड होती.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, एका दमात. नांदुरीहून घाट लागला तेव्हा डाव्या खांद्याची साल निघालेली. रक्त बांबूला लागत होतं. त्याला वाटलं, पाण्याला विटाळ होईल. म्हणून शेवटच्या वळणांना त्यानं बांबू उजव्यावर घेतला. आधी काही वाटलं नाही. मग मागून गर्दीचा लोट आला, मागची कळशी कुणाला तरी अडकली, बांबू मागे ओढला गेला. पाणी सांडू नये म्हणून त्यानं उजव्या हातानं तो पुढे खेचला. आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तसाच पायऱ्या चढला आणि पाणी देवीच्या अभिषेकाला दिलं. एक थेंब सांडला नाही, असं म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

शेवटच्या तपासणीत खांद्याचा फोटो आला तो पहिल्यापेक्षा वाईट. डॉक्टरांनी फेकण्याचं नावसुद्धा काढलं नाही. हात खांद्याच्या वर जाईल की नाही, एवढंच बोलले, आणि तेही नक्की नाही म्हणाले.

त्या रात्री मी ह्यांना कावडीचं सगळं सांगितलं, ह्यांनी हर्षलला. तरी एक दार उघडं होतं. हर्षलच्या मुदतवाढीच्या कागदात शेठच्या संमतीनं लिहिलेलं होतं की दुखापत खेळताना झालेली असेल तर कंपनी मुदत वाढवील आणि उपचार करील. बाहेर झाली असेल तर करार आपोआप संपला. हर्षलनं ह्यांना फोन केला. "जुनीच दुखापत उलटली असं लिहा. मी डॉक्टरांशी बोलतो. फक्त त्याला सांगा, पप्पांपुढे कावडीचं तोंडातून काढायचं नाही."

सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी वर गेले. तो खिडकीशी बसला होता, हात गळ्यात बांधलेला.

"योगेश, उद्या शेठनं विचारलं तर म्हणायचं, गडावर गेलो होतो दर्शनाला. बस."

"दर्शनाला तर गेलोच होतो."

"कावडीचं बोलू नकोस."

"विचारलं तर?"

"विचारलं तर नाही म्हण."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला काही उष्टं वाढलंय. "काकू, नेली आणि नाय नेली म्हणू? मग ते पाणी कोणी घातलं देवीला? भुतानं?"

"अरे, देवीला कळतं. माणसांपुढे बोलायचंय फक्त. माझ्यावर घाल पाप."

"नवस तुम्ही बोलला, मी फेडला. आता नाय म्हटलं तर तो फिटलाच नाय. मग हा खांदा कशापायी गेला?"

इतकी वर्षं पोथ्या वाचणारी बाई मी, आणि खोटं बोल म्हणून त्याला गळ घालत होते. मी विनवण्या केल्या, आईची शपथ घातली, शेवटी चिडून म्हटलं, "मग बस नवस कवटाळून!" त्यानं डाव्या हातानं मला पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या शेठनी सरळ विचारलं, "पोरा, या खांद्यावर काही उचललं होतंस का?" योगेश म्हणाला, "कावड." शेठनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हो, रामकुंडाहून." शेठ स्वतः गडाचे भक्त. त्यांनी हात जोडले, देवीचं नाव घेतलं आणि कागद बाजूला सारला. हर्षल उठून बाहेर गेला. हे सगळं मला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, बूट न काढता, दारातच. मग म्हणाले, "नाही म्हणायची माझीही हिंमत झाली नाही." कळवणचा मुलगा दिवाळीच्या पाडव्यापासून कामावर आला. वरची खोली त्यालाच दिली आहे. जेवायला तो बाहेर जातो.

योगेशला न्यायला त्याची आई आली, चंद्रभागा. एसटीनं एकटी आलेली, हातात नागलीच्या पिठाची पिशवी, माझ्यासाठी. घरात बसली नाही, ओट्यावरच टेकली. मी तिचे पाय धरणार होते. तीच आधी म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या लेकासाठी देवीला बोलल्या. परक्याच्या पोरासाठी कोण बोलतं? नवस पुरा झाला ना?"

"झाला," मी म्हटलं.

"मग बरं झालं. राहिला असता तर घोर लागला असता."

मी ती पिशवी घेतली. पिठाची भाकरी अजून केलेली नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. गावची टोळी द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे उतरली आहे, तोही बरोबर आलाय. मी विचारलं, काम जमतंय का? द्राक्षाचं काम सगळं मांडवाचं, दिवसभर हात डोक्याच्या वर. ते मला विचारल्यावर आठवलं.

"हात वर जात नाय," तो म्हणाला. "मुकादमानं खालच्या कामाला लावलंय. काड्या वेचायच्या, बाया आणि म्हातारे आहेत त्यांच्यात. अर्धी हजेरी. उद्या ठेवतो का बघायचं."

"व्यायाम करतोस ना रे, डॉक्टरांनी दिलेला?"

"करतो." करत नसावा. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

मी म्हटलं, "चैत्रात गडावर जाईन तेव्हा…"

"काकू," त्यानं मला मध्येच थांबवलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच माझं बोलणं तोडत होता, तेही हळूच. "माझ्यासाठी आता काय बोलू नका तिला."

"नाही बोलणार," मी म्हटलं. त्यानं ठेवतो म्हटलं, पण फोन ठेवायला त्याला बराच वेळ लागला.