कासवाला पाय लागू नये म्हणून

कुठलीही वस्तू विकत घ्यायची म्हटलं की मी आधी ती हलवून बघतो. खुर्ची असो, शिडी असो, पलंग असो. दुकानदार भाव सांगत असतो आणि मी त्याचा माल गदागदा हलवत असतो. बायको अशा वेळी दुकानाबाहेर जाऊन उभी राहते. कासवांच्या टाकीसाठी स्टँड घ्यायला कर्जतला गेलो तेव्हाही मी हेच केलं. तयार स्टँड एकजात डुगडुगत होती. शेवटी दुकानदारानं विचारलं, "साहेब, याच्यावर टाकी ठेवणार की तुम्ही स्वतः चढणार?"

कासवं दोन. मुलीनं शाळेत असताना हट्ट करून आणली, तेव्हा दोन्ही मिळून तिच्या तळहातावर मावायची. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला गेली, आणि इकडे कासवं चांगली ताटलीएवढी झाली. त्यांचं घर मात्र तेच राहिलं, कपडे भिजवायचा निळा प्लॅस्टिकचा टप, हॉलच्या कोपऱ्यात खिडकीखाली. त्यात ती एकमेकांच्या अंगावरून चढायची. मोठी टाकी हवी हे सगळ्यांनाच दिसत होतं.

कासवांचं सगळं बाबा बघायचे. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. शेताचा बराचसा तुकडा फार्महाउसवाल्यांना गेला, उरलेल्यात लावणीला दुसरी माणसं येतात, आणि जन्मभर भात लावून वाकलेली त्यांची पाठ काही परत सरळ झाली नाही. सकाळचा चहा झाला की ते टपाशेजारी पाट टाकून बसत. एकेका कासवाला उचलून जुन्या ब्रशनं त्याची पाठ घासत, पाणी बदलत, चिमटीत जवळा धरून भरवत, मग दोघांना अंगणात उन्हाला सोडून राखण करत. "काय रं, आज भूक नाय तुला?" असं काहीबाही मला कामावर निघताना ऐकू यायचं. आमच्याशी दिवसभरात बोलत नसतील तेवढं ते कासवांशी बोलत. त्या टपानं बाबांना सावरलं होतं. हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळत होतं.

पण गणपतीत आमच्याकडे अख्खं गाव येतं. हॉल माणसांनी भरतो आणि कोणाचा ना कोणाचा पाय टपाला लागतो. कासव म्हणजे देवाचं रूप, त्याला पाय लागून कसं चालेल? मग माणूस थबकतो, वाकून टपाला हात लावतो आणि तो हात छातीला लावतो. मागच्या गणपतीत तर देवापेक्षा टपालाच जास्त नमस्कार झाले. खोपोलीच्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथले साहेब दर्शनाला आले. त्यांचाही पाय लागला, पाणी उडालं, पँट भिजली, आणि त्या भिजल्या पँटनं त्यांनी टपाला नमस्कार केला. बाकीचे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपड्यांचा टप, त्यात गढुळलेलं पाणी, शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले बाबा, हे सगळं मी त्या दिवशी साहेबांच्या डोळ्यांनी पाहिलं. बाबांचीही लाज वाटली मला. पुढच्या गणपतीआधी हा टप हॉलमधून हलवायचाच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

तयार स्टँड पसंत पडेनात, म्हणून खोपोलीच्या फॅब्रिकेशनवाल्याला घरी बोलावलं. टाकी ज्याला करायला दिली त्या काचवाल्यानं आधीच बजावलं होतं की टाकीपेक्षा पाण्याचंच वजन जास्त, स्टँडमध्ये कसर केलीत तर एक दिवस हॉलमध्ये तळं होईल. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे होतं. मी जाड अँगल सांगितले, मध्ये आडव्या पट्ट्या सांगितल्या, पायांखाली चौकोनी पत्रे सांगितले. बायको म्हणाली, "अवो, टाकी ठेवायचीय का गच्चीवरची टाकी बांधायचीय?"

फॅब्रिकेशनवाल्यानं भिंत मोजली, खिडकी मोजली आणि विचारलं, "उंची?"

"गणपतीचा टेबल हाय ना, तेवढीच करा," बायको म्हणाली. "म्हंजे कोनाचा पाय नाय लागनार."

मला ते एकदम पटलं. देवाइतक्या उंचीवर कासवं. बाबा टपापाशीच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "देवळात कासव कुठं असतं रं? खालीच असतं ना?"

"बाबा, ते दगडाचं," मी म्हणालो. "त्याचं पानी बदलाया लागत नाय."

फॅब्रिकेशनवाला हसला, बायको हसली, मीही हसलो. बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला लागले. पाणी बदलण्याची गोष्ट मी माझ्याच तोंडानं काढली होती. ते बदलतं कोण, हे मात्र डोक्यात आलं नाही.

स्टँड टेंपोतून आलं. उतरवताना माणसांना घाम फुटला. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, जागचं हललं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! लेव्हल बघितली, टाकीखाली थर्माकोल घातला, फिल्टर लावला, उन्हाऐवजी दिवा बसवला, कासवांना वर येऊन बसायला नदीतला चपटा दगड ठेवला. पाण्यात सोडल्यावर दोघांनी प्रथमच पाय लांब करून पोहून घेतलं. त्यांना जागा मिळाली हे खरंच होतं, आणि मी त्यावरच खूश होतो. टाकीची कड माझ्या खांद्याशी आली होती. बाबा जवळ आले, वाकल्या पाठीनं जेवढी वर जाईल तेवढी मान वर केली आणि काचेला बोट लावलं.

"मजबूत हाय," ते म्हणाले.

मला तेवढंच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना मीच वरून खाद्य टाकायला लागलो. "तुमाला आता काय तरास नाय," असंही बाबांना वर सांगितलं. ते बरं म्हणाले. हळूहळू ते हॉलमध्ये दिसेनासे झाले, मागच्या पडवीत बसायला लागले. तिथे वारा येतो, म्हणून बसत असतील, असं मी धरून चाललो.

गणपती आले. माणसं आली. कोणाचा पाय कशाला लागला नाही. साहेब टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले, काच किती जाड, स्टँड कुठे केलं, सगळं विचारलं. मी सांगताना फुगलो होतो. तेवढ्यात खालापूरकडची आत्या आली. देवाला हात जोडून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा कुठं हाय?"

बाबांना बोलवायला मी मागे गेलो. पडवीत तो निळा टप होता. काठोकाठ स्वच्छ पाण्यानं भरलेला, आणि आत काही नाही. शेजारी पाट टाकून बाबा बसले होते. हातात तोच ब्रश होता आणि ते टपाची आतली बाजू सावकाश घासत होते. पुढ्यात कागदावर चिमूटभर जवळा होता.

"बाबा, ह्ये काय?"

ते जरा दचकले. चोरी पकडली गेल्यावर माणूस दचकतो तसे. "टप कोरडा ठेवला तं उन्हानं तडकतो रं," म्हणाले. "म्हनून पानी बदलतो रोज."

मी उंबऱ्यावर तसाच उभा राहिलो. माझी मला इतकी लाज वाटली की आत हॉलमध्ये परत जाववेना. आतून साहेबांचा आवाज येत होता, ते कोणाला तरी माझं स्टँड दाखवत होते. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून मी त्याचं काम काढून घेतलं होतं, आणि दचकत होते ते बाबा.

विसर्जन झाल्यावर फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. स्टँडचे पाय कापायचे म्हटल्यावर तो वैतागलाच. एवढं पक्कं काम आणि कापायचं? टाकी रिकामी करावी लागली, कासवं तेवढ्यापुरती टपात आली. उंची किती, त्यानं विचारलं. मी बाबांना स्टुलावर बसवलं आणि म्हणालो, "बाबा, पान्यात हात घालता तसा घाला." त्यांनी हात पुढे केला. कोपर आला तिथे टाकीची कड, असं धरून उरलेलं सगळं कापून टाकलं. स्टँड चौरंगाएवढं झालं.

"आता लोकांचे पाय लागतील," बायको हळूच म्हणाली.

"लागू देत," मी म्हणालो.

पहिला पाय माझाच लागला. सकाळी डबा घेऊन घाईत निघालो होतो. बाबा स्टुलावर बसून, बाही वर करून एकाची पाठ घासत होते आणि त्यांचा एक पाय स्टँडशेजारी पसरलेला होता. मला ठेच लागली ती त्यांच्याच पायाची. सवयीनं मी खाली वाकलो आणि पायाला हात लावला.

"आसूं दे रं," ते म्हणाले. "नाय लागलं मला."

ते कासवाकडेच बघत होते. मी लगेच उठलो नाही. वाकलेला होतो तेच बरं होतं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही.