भावाचा हिस्सा

खालांच्या घरात एकाच्या वाटणीचं दुसऱ्याला खाता येत नसे. हातावर चापट बसायची, मग तो हात नातवाचा असो नाहीतर जावयाचा. नांदेडला बदली झाल्यावर मी त्यांच्या वरच्या खोलीत किरायानं राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे कळलं. उशीर होणार म्हणून मी बाहेर जेवून आलो, तर जिन्यावर झाकलेली थाळी. "पोट भरलंय खाला," म्हटलं. त्या म्हणाल्या, "भरलं असंल. पण हे तुमचं हाय मास्तर. दुसऱ्याला कसं देऊ?" मी पायरीवर बसून दुसऱ्यांदा जेवलो.

सगळी गल्ली त्यांना खालाच, म्हणजे मावशी, म्हणायची. मी कॉलेजात शिकवत असल्यामुळे त्यांच्यासाठी मास्तर. त्यांच्या यजमानांचं थंड पेयांचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान बंद झालं आणि तिथला आडवा डीप फ्रीजर घरी आला. पांढरा, झाकणाला गंज चढलेला, चालू झाला की स्वयंपाकघरातल्या बरण्या किणकिणत. गल्लीतल्या बायका त्यात मटार, आमरस, चिंचेचा कोळ असं काय काय ठेवायला आणत. खाला कुणाला नाही म्हणत नसत. तळाचा डावा कोपरा मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. तिथं दुहेरी पिशवीत गुंडाळलेला रशीदचा हिस्सा असे.

रशीद त्यांचा धाकटा भाऊ, उदगीरला राहणारा. बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करतात, घरचा, नातेवाइकांचा आणि गोरगरिबांचा. नातेवाइकांच्या वाट्यातला पहिला हिस्सा खाला भावासाठी काढत. भाऊ मात्र येत नव्हता. खालांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्याला फोनवर गेलं होतं, घरी येऊन कुणी दिलं नव्हतं, एवढंच कारण. धावपळीत राहून गेलं, खाला सांगत. "त्यानं रागावावं, हक्क हाय त्याचा. पण हिस्सा त्याचाच हाय."

त्या वर्षी ईदनंतर काही दिवसांनी खालांनी मला जिन्यातच हाक मारली. रशीदचा फोन आला होता. डोळे दाखवायला नांदेडला येणार होता, दुपारी जेवायला येतो म्हणाला होता. सांगताना त्या ओढणीच्या टोकाची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. मधल्या दिवसांत त्या मुलीकडं हदगावला जाऊन आल्या, मीही सुट्टी म्हणून गावी गेलो. आम्ही परतलो ते भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी.

दार उघडताच वास आला. खाला चप्पल न काढता आत गेल्या. फ्रीजर गप्प होता. झाकण उचललं तर आत कोमट पाणी, त्यावर मटारच्या पिशव्या तरंगत होत्या. आमरसाचा डबा फुगून त्याचं झाकण उडालं होतं. वीज होती, पंखा फिरत होता. फ्रीजर कधी बंद पडला ते कळायला मार्ग नव्हता. मी मिस्त्रीला घेऊन आलो. त्यानं मागून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला. जुना माल हाय खाला, आता मिळत न्हाई." मग आत डोकावून म्हणाला, "मधी बर्फाचा गोळा असता तरी काही वाचलं असतं."

खालांनी बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यातली पिशवी बाहेर काढली. दोन्ही हातांनी दाबून दाबून त्या बर्फ शोधत राहिल्या. पिशवी सगळीकडून मऊ होती.

"मसाला जास्त घालून, खूप शिजवलं तर?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "न्हाई. त्याला शुगर हाय. काही झालं तर?"

मी म्हटलं, "बाजारातून ताजं मटण आणतो. त्यांना कुठं कळणार?"

"मला कळंल ना मास्तर. ते बाजारचं मटण झालं. त्याचा हिस्सा कसा होईल?"

कुर्बानीचं मांस कचऱ्यात टाकायचं नसतं. मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली मी कुदळ मारू लागलो. जमीन तापून कडक झाली होती. खाला पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. खड्डा झाला तरी त्यांनी ती दिली नाही. मग स्वतःच उतरल्या, ठेवली आणि हातानं माती ओढली. नंतर शेजारणींना बोलावून जिची तिची वस्तू दाखवली. चिंचेचा कोळ तेवढा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आले. बारीक अंगाचे, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. खालांनी खिचडी आणि चिंचेच्या पाण्याचा खट्टा केला होता, सोबत पापड. जेवणासाठी दस्तरखान अंथरला, मलाही बोलावलं. रशीदभाईंनी थाळीकडं पाहिलं आणि हसून विचारलं, "मेरा हिस्सा?"

खालांनी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. रशीदभाईंचं हसू हळूहळू गेलं.

"मैं आया तबीच फ्रीजर बिगड्या?" ते म्हणाले. "झूट नक्को बोल आपा. नहीं रखी तो नहीं रखी बोल."

मी मध्ये पडलो. खड्डा मी खणला, चला दाखवतो म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी त्यांचे किरायेदार. तुमी दुसरं काय सांगणार?" खालांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी शपथ घेतली नाही, रडल्या नाहीत, फक्त भावाच्या थाळीत आणखी थोडा खट्टा वाढला. रशीदभाईंनी दोन घास खाल्ले, हात धुतले आणि दुपारच्या बसनं निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात एकाची थाळी तशीच उरली. संध्याकाळपर्यंत ती कुणी उचलली नाही.

पुढं माझी लातूरला बदली झाली. पुढच्या बकरी ईदच्या सुमारास उरलेलं सामान न्यायला मी नांदेडला गेलो, तेव्हा खालांनी एक स्टीलचा डबा माझ्या हाती दिला. हिस्सा शिजवूनच भरला होता. "वाट वाकडी करून उदगीरला द्याल का? कुणाचा हिस्सा हाय एवढंच सांगा, दुसरं काही बोलू नका."

रशीदभाईंनी दार उघडलं. डबा घेतला, मला उंबऱ्यावरच उभं ठेवून आत गेले. बऱ्याच वेळानं तो रिकामाच परत आणून दिला. डबा रिकामा देऊ नये हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. त्यांनी दार लावलं.

बसस्टँडवरून मी खालांना फोन केला.

"घेतला?"

"घेतला."

"बसा म्हणाला का?"

"नाही."

"डब्यात काही घातलं?"

मी म्हटलं, "रिकामाच दिला, खाला."

मग त्यांनी विचारलं, "नुसता विसळलेला, की घासलेला?"

मी पिशवीतून डबा काढून पाहिला. "घासलेला आहे. पुसलेलाही."

"हाव का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे हिस्सा ठेवून घेतला त्यानं. बरं, मास्तर." आणि फोन ठेवायचं त्यांच्याही लक्षात राहिलं नाही, माझ्याही.